उत्तरमेरूरचे सभानियम व पक्षांवांचून ग्रामकारभार

1. शिलालेखांचा परिचय

तामिळनाडूच्या कांचीपुरम् जिल्ह्यांत उत्तरमेरूर ह्या गांवीं वैकुंठपेरुमाळाचें जुनें मंदिर आहे. त्याच्या भिंतींवर खोदलेल्या लेखांपैकीं दोन शिलालेख ग्रामसंस्थांच्या इतिहासांत विशेष महत्त्वाचे समजले जातात. पहिला मदिरैकोंड परकेसरिवर्मन् ह्या राजाच्या 12 व्या राज्यवर्षाचा व दुसरा त्याच राजाच्या 14 व्या राज्यवर्षाचा आहे. मदुरा जिंकणारा हा परकेसरी म्हणजे चोळ राजा पहिला परांतक होय, हें आतां सर्वमान्य आहे. त्याचें राज्यारोहण इ. स. 907 मध्यें झालें. त्यावरून शिलालेखांचे काळ अनुक्रमें इ. स. 919 व 921 असे येतात. भाषा तामिळ असून मधून मधून ग्रंथ लिपींत संस्कृत शब्द आले आहेत. व्ही. वेंकय्या यांनीं हे लेख पुरातत्त्व खात्याच्या 1904-05 सालच्या वार्षिक अहवालांत भाषांतरासह छापले, व पुढें के. ए. नीलकंठ शास्त्री यांनीं 1932 सालीं त्यांची सविस्तर चर्चा केली.

हा विषय केवळ विद्वानांपुरता राहिलेला नाहीं. 10 डिसेंबर 2020 रोजीं दिल्लीस नव्या संसदभवनाची पायाभरणी झाली, त्या प्रसंगीं पंतप्रधानांनीं आपल्या भाषणांत उत्तरमेरूरचा उल्लेख केला. तेव्हांपासून ह्या गांवाचें नांव पुष्कळांच्या तोंडीं आहे. एक वर्ग म्हणतो कीं, आमच्याकडे हजार वर्षांपूर्वीं पूर्ण लोकसत्ता नांदत होती. दुसरा वर्ग राजकीय पक्षांच्या ओढाताणीस कंटाळलेला आहे. तो म्हणतो कीं, जुन्या गांवांत पक्ष नव्हते म्हणून गांव सुखानें चालत असे, सबब आजहि पक्ष दूर केले कीं पुरे. हीं दोन्ही विधानें मूळ लेख नीट न वाचतां केलीं जातात असें आमचें मत आहे. शिलालेखांत जें आहे तें ह्या स्तुतीहून निराळें, आणि आमच्या मतें तिच्याहून अधिक उपयोगी आहे. तें काय हें दाखविणें हा प्रस्तुत निबंधाचा हेतु होय.

2. सभा, आळ्या व समित्या

त्या काळीं ह्या गांवाचें नांव उत्तरमेरु-चतुर्वेदिमंगलम् असें होतें. नांवावरूनच कळेल कीं हा ब्रह्मदेय, म्हणजे ब्राह्मणांस दान दिलेला गांव. चोळांच्या देशांत ग्रामसंस्था एकाच प्रकारची नव्हती. ब्रह्मदेय गांवाची ती 'सभा', सामान्य शेतकऱ्यांच्या गांवाचा तो 'ऊर', व्यापाऱ्यांच्या वस्तीचें तें 'नगरम्', आणि अनेक गांवांच्या मुलुखाचें तें 'नाडु'. उत्तरमेरूरचे नियम हे सभेचे नियम होत. तेच नियम सर्व गांवांना लागू होते असें समजणें योग्य नाहीं.

सभा सगळा कारभार एकत्र बसून करीत नसे. ती आपल्यांतून समित्या नेमी. त्यांस 'वारियम्' म्हणत. वर्षभराचा सामान्य कारभार पाहणारें 12 जणांचें संवत्सर-वारियम्, बागांची व्यवस्था पाहणारें 12 जणांचें तोट्ट-वारियम्, आणि तलावाची व्यवस्था पाहणारें 6 जणांचें एरि-वारियम्, हीं तीन मुख्य. यांशिवाय सोन्याची पारख ठेवणारें पोन्-वारियम् व पंचवार-वारियम् अशीं प्रत्येकीं 6 जणांचीं आणखी दोन होतीं. ह्या शेवटल्या नांवाच्या अर्थाविषयीं विद्वानांत मतभेद आहे. गांवच्या वैरमेघतटाक नांवाच्या मोठ्या तलावावर शेतीची भिस्त असल्यामुळें एरि-वारियमाचें काम किती जोखमीचें होतें, हें सांगणें नको. पाणी कोणाच्या पाटास आधीं व कोणाच्या मागून, हा प्रश्न ज्या गांवांत आहे त्या गांवांत तट पडावयाचेच.

ह्या समित्यांची निवड कशी करावी, हाच दोन्ही शिलालेखांचा विषय आहे. गांवाच्या 30 आळ्या केल्या होत्या. तामिळ शब्द 'कुडुंबु'. प्रत्येक आळींतील लोकांनीं एकत्र जमून, नियमांत बसणाऱ्या आपल्या आळकऱ्यांचीं नांवें ताडपत्राच्या चिठ्ठ्यांवर लिहावयाचीं. घटांत टाकलेली ही चिठ्ठी ती 'कुडवोलै'. कुडम् म्हणजे घट व ओलै म्हणजे ताडपत्र.

3. नांव कोणाचें लिहावें

दुसऱ्या शिलालेखाप्रमाणें पात्रता येणेंप्रमाणें : मनुष्याजवळ पाव वेलीहून अधिक करपात्र जमीन असावी, स्वतःच्या जागेवर बांधलेल्या घरांत त्यानें रहावें, वय 35 च्या वर व 70 च्या खालीं असावें, मंत्रब्राह्मणाचें ज्ञान असून तें दुसऱ्यास शिकवितां यावें. जमीन अष्टमांश वेलीच असली तरी, एक वेद व चार भाष्यांपैकीं एक येत असेल तर, त्याचें नांव लिहावें. अशांमध्येंहि जो व्यवहारांत कुशल, ज्याची मिळकत सचोटीची व मन शुद्ध, आणि जो मागील तीन वर्षें कोणत्याहि समितींत नव्हता, त्यासच घ्यावें.

ह्यांतील कांहीं गुणांची कल्पना धर्मशास्त्राच्या वाचकांस नवी वाटणार नाहीं. समूहाचें कार्य पाहणाऱ्या 'कार्यचिंतकां'विषयीं याज्ञवल्क्यानें हेच शुचिता, निर्लोभता व ज्ञान हे गुण सांगितले आहेत. बृहस्पतीनें त्यांची संख्याहि दोन, तीन किंवा पांच अशी दिली आहे. परंतु स्मृति गुण सांगून थांबते, शिलालेख तेथें थांबत नाहीं. मनाची शुद्धता मोजण्याचें माप कोणाजवळहि नाहीं. तीन वर्षांची रजा मात्र कोणासहि बोटांवर मोजतां येते. उत्तरमेरूरच्या सभेचें शहाणपण ह्या दुसऱ्या जातीच्या नियमांत आहे.

आतां अपात्रता पाहूं. जो समितींत होता परंतु ज्यानें हिशेब दिला नाहीं, त्याचें नांव लिहूं नये. एवढेंच नव्हे, तर त्याच्या आप्तांचेंहि लिहूं नये. आणि 'आप्त' हा शब्द मोघम न ठेवतां नातीं एकामागून एक मोजलीं आहेत : मावशीचे मुलगे, आत्याचे मुलगे, मामा, चुलता, भाऊ, सासरा, मेहुणा, बहिणीचा नवरा, भाचे, जांवई, बाप, मुलगा. यापुढें महापातकी, परधन चोरणारे, अविचारी साहसी, निषिद्ध अन्न खाणारे, खोटे लेख करणारे इत्यादिकांची यादी आहे. गाढवावर बसविलेल्यांसहि वगळलें आहे.

नात्यांची ही यादी आम्हांस ह्या शिलालेखाचें मर्म वाटते. यादी करणाऱ्यांस पक्के ठाऊक होतें कीं, गांवांत पक्ष उगवतो तो मतांतून नव्हे; तो भाऊबंद व सोयरे यांतून उगवतो. हिशेब बुडविणारा मनुष्य स्वतः बाजूस होऊन मेहुण्यास पुढें करील, मेहुणा नाहीं तर मावसभावास. आणि नव्या समितींतला मावसभाऊ जुना हिशेब मागणार नाहीं. ही वाट बंद करावयाची म्हणून प्रत्येक नातें नांवानिशीं लिहिलें. तात्पर्य, पक्ष नव्हते म्हणून हे नियम झाले नाहींत. पक्ष होते, निदान पडतील अशी धास्ती होती, म्हणून हे नियम झाले.

4. घट, बालक व मध्यस्थ

निवडीचा विधि असा. ठरल्या दिवशीं लहानथोरांसह महासभा भरवावी. गांवांत असतील तेवढे सर्व देवालयांचे पुजारी, एकहि न वगळतां, सभेच्या आंतल्या मंडपांत बसवावे. त्यांतील सर्वांत वृद्ध पुजाऱ्यानें उभें राहून, सर्वांस दिसेल असा घट उंच धरावा. प्रत्येक आळीच्या चिठ्ठ्यांची जुडी निराळी बांधलेली व तिजवर आळीचें नांव लिहिलेलें असे. आंत काय आहे हें ज्यास ठाऊक नाहीं अशा बालकाकडून एक जुडी काढवावी, ती सोडून चिठ्ठ्या दुसऱ्या रिकाम्या घटांत टाकाव्या व हालवून मिसळाव्या. मग त्याच बालकानें त्यांतून एक चिठ्ठी उचलून मध्यस्थाच्या हातीं द्यावी. मध्यस्थानें ती घेतांना तळहात उघडा व पांचहि बोटें पसरलेलीं ठेवावीं. त्यानें चिठ्ठी वाचावी. तीच मंडपांतील सर्व पुजाऱ्यांनीं पुन्हां वाचावी. मग तें नांव ग्राह्य. अशा रीतीनें 30 आळ्यांचे 30 पुरुष निघत.

ह्या 30 जणांतून पूर्वीं बागेच्या व तलावाच्या समितींत काम केलेले, विद्येनें व वयानें वडील असे 12 संवत्सर-वारियमांत जात. उरलेल्यांतून 12 बागांकडे व 6 तलावाकडे. मुदत 360 दिवसांची. ती संपली कीं सर्वांनीं निवृत्त व्हावें. मुदतींत कोणी अपराधी ठरला तर त्यास तात्काळ काढावें. हिशेब लिहिणाऱ्यासहि नियम आहेत : त्यानें आपला हिशेब स्वतः मोठ्या समितीपुढें आणून द्यावा, त्याचा हिशेब दुसऱ्या हिशेबनिसानें मिटवूं नये, आणि तो शुद्ध ठरल्यावांचून त्याची पुन्हां नेमणूक होऊं नये.

पसरलेल्या पांच बोटांचा नियम वाचून कोणास हसूं येईल. परंतु मुठींत दुसरी चिठ्ठी लपविण्याची युक्ति ज्यांनीं कधीं तरी पाहिली असेल किंवा ऐकली असेल तेच असा नियम करतील. घट सर्वांस दिसावा, बालक अजाण असावें, हात उघडा असावा, वाचन अनेक तोंडांनीं व्हावें, ह्या चारहि गोष्टी एकाच हेतूच्या आहेत. मध्यस्थ हा सभेचा सेवक असून सभासद नसे, हेंहि ध्यानांत ठेवावें.

आणखी एक गोष्ट. पहिला नियम इ. स. 919 चा, दोनच वर्षांनीं सभेस तो दुरुस्त करावा लागला. पहिल्यांत वयाची मर्यादा 30 ते 60 होती, ती दुसऱ्यांत 35 ते 70 झाली. नियमहि अधिक बारकाईनें लिहिले गेले. एकदां केलेला नियम अपुरा पडला तर तो वर्षा-दोन वर्षांत बदलण्याची सभेची तयारी होती. आमच्या मतें सभेच्या जिवंतपणाचा याहून चांगला पुरावा मिळणें कठीण.

5. ह्या रचनेनें काय साधलें

पक्ष शब्दाचा अर्थ येथें पाहणें उचित होईल. संस्कृतांत पक्ष म्हणजे पंख, बाजू; व्यवहारशास्त्रांत वादीनें मांडलेलें म्हणणें तो पक्ष, यासच भाषा किंवा प्रतिज्ञा अशीहि नांवें आहेत. हा पक्ष वादापासून जन्मतो व निर्णयाबरोबर संपतो. ज्यास आपण गांवांतला 'तट' म्हणतों त्याची गोष्ट उलट आहे. तो वादाच्या आधींपासूनच असतो. वाद उभा राहिला कीं कोणी कोणत्या बाजूस बसावयाचें हें आधींच ठरलेलें असतें. पहिला पक्ष सभेस आवश्यक आहे, कारण दोन बाजू ऐकल्यावांचून निर्णय होत नाहीं. दुसरा सभेस पोखरतो.

उत्तरमेरूरच्या सभेनें तट बांधूं नका असा उपदेश कोठेंहि केलेला नाहीं. तिनें तट बांधून कांहीं मिळूं नये अशी तजवीज केली. चिठ्ठी कोणाची निघेल हें ठाऊक नसल्यामुळें आधीं लोक जमवून ठेवण्यांत अर्थ उरला नाहीं. 360 दिवसांची मुदत व तीन वर्षांची रजा यांमुळें एकाच मनुष्याभोंवतीं आश्रितांचा घोळका जमण्यास अवकाश राहिला नाहीं. हिशेबाच्या अटीमुळें पद हें उत्पन्नाचें साधन होणें कठीण झालें, आणि नात्यांच्या यादीमुळें आड वाटेनें तें घरांत राखणेंहि कठीण झालें. तथापि लोकांच्या पसंतीस अजीबात फांटा दिलेला नाहीं. चिठ्ठीवर नांव लिहावयाचें कीं नाहीं हें आळीनेंच ठरवावयाचें. पसंती आळीची आणि अखेरची निवड घटाची, असा हा दुहेरी बांधा आहे.

6. दाराबाहेरचे लोक

येथपर्यंत वाचून जो वाचक संतुष्ट झाला असेल त्यानें आतां दुसरी बाजू पहावी. ह्या घटांत कोणाची चिठ्ठी पडतच नव्हती? ज्याजवळ जमीन नाहीं त्याची, जो दुसऱ्याच्या जागेंत राहतो त्याची, जो वेद शिकलेला नाहीं त्याची, म्हणजेच ब्राह्मणेतर सर्व जातींची, आणि स्त्रियांची. शेत कसणारा, तलावाचा गाळ काढणारा, बागेस पाणी घालणारा, यांच्यासाठीं तलाव-समिती होती; त्यांची ती नव्हती. शिवाय हे नियम राजाच्या आज्ञेनुसार, राजाचा अधिकारी सभेंत बसलेला असतां, केले गेले, असें शिलालेखच सांगतो. सबब ह्यास आजच्या अर्थानें लोकसत्ता म्हणणें हा शब्दाचा दुरुपयोग होईल.

दुसरा एक शिलालेख ह्याहून अधिक विचार करावयास लावतो. तिरुनेलवेली भागांतील मानूर येथील हा लेख पांड्य राजा मारंजडैयन् याच्या 35 व्या राज्यवर्षाचा, म्हणजे सुमारें इ. स. 800 चा आहे. तेथील सभेनें असा नियम केला कीं, जे कोणी प्रत्येक सूचनेस 'नको, नको' म्हणून कामांत अडथळा करतील त्यांनीं, व त्यांस साथ देणाऱ्यांनीं, पांच कासु दंड द्यावा. अडथळ्यासाठीं अडथळा करणारे लोक प्रत्येक सभेंत असतात, आणि त्यांच्यामुळें काम कसें खोळंबतें हें शाळेच्या वा देवस्थानाच्या पंचांत बसलेल्या कोणासहि ठाऊक आहे. परंतु कोणता विरोध खरा व कोणता नुसता अडथळा, हें ठरविणार कोण? ज्यांची सूचना आहे तेच. आणि दंड एकट्यास नाहीं, साथीदारांसहि आहे. म्हणजे चार माणसांनीं मिळून 'नको' म्हणणें, हाच गुन्हा झाला. पक्षांवांचून कारभार चालविण्याच्या ह्या दोन रीती शेजारी शेजारी ठेवून पहाव्या. उत्तरमेरूरनें तटाचा लाभ काढून घेतला. मानूरनें विरोध करणाऱ्याचें तोंड धरलें. दोहोंसहि बाहेरून 'पक्षविरहित' हेंच विशेषण लागेल, तथापि दोहोंत जमीनअस्मानाचें अंतर आहे.

7. महाराष्ट्रांतील महजर

आपल्या बहुतेक संग्राहकांच्या दप्तरांत महजर आहेत, म्हणून त्यांची उत्तरमेरूरशीं तुलना करणें अप्रस्तुत होणार नाहीं. गोतसभेच्या महजरांत आरंभीं 'हाजिर मजालसी' अशी यादी असते. तींत देशमुख, देशपांडे, पाटील, कुळकर्णी, शेटे, महाजन यांच्याबरोबर बलुतेदार येतात, आणि पुष्कळ कागदांत महारहि येतात. लिहितां न येणाऱ्यांनीं आपापल्या धंद्याची निशाणी केलेली असते. कुणब्याचा नांगर व वाण्याचा तराजू हे तर सर्वांच्या परिचयाचे आहेत. अग्रवादी व पश्चिमवादी यांचें म्हणणें ऐकून, त्यांजकडून निर्णय मान्य करण्याबद्दल राजीनामा व जामीन घेऊन, मग गोत निवाडा करी. जवळचें गोत आपणांविरुद्ध आहे असें वाटल्यास दुसरें थळ मागण्याचीहि सोय असे.

उत्तरमेरूरच्या मानानें हें दार रुंद आहे. वेद न शिकलेला, जमीन नसलेला मनुष्यहि येथें बसतो व त्याच्या निशाणीवांचून कागद पुरा होत नाहीं. परंतु जें उत्तरमेरूरांत आहे तें येथें नाहीं. गोतांतला प्रत्येक जण वतनाच्या नात्यानें आला आहे. त्यास कोणी निवडलें नाहीं आणि मुदत संपून तो घरींहि जात नाहीं. पाटिलकी बापाकडून मुलाकडे जाते, तिच्या तक्सिमा पडतात, वडीलपणाचा व मानपानाचा तंटा तीन तीन पिढ्या चालतो. आपल्या संग्रहांतील निम्मे कागद तरी भाऊबंदकीचेच असतील! महाराष्ट्रांतील गांवांत राजकीय पक्ष नव्हते हें खरें. पण तेथें तट नव्हते असें ज्यास वाटत असेल त्यानें एक आठवडा कोणत्याहि देशमुखी दप्तरांत घालवावा. सारांश, एका ठिकाणीं मुदत व हिशेब आहेत पण दार अरुंद; दुसऱ्या ठिकाणीं दार रुंद पण मुदत व निवड नाहीं.

8. अलीकडील प्रयत्न

दार रुंद करून निवडहि ठेवावयाची, असा प्रयत्न अर्वाचीन काळीं महाराष्ट्रांतल्याच एका लहान संस्थानांत झाला. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं, त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत व मॉरिस फ्रीडमन यांच्या साह्यानें आणि गांधीजींच्या सल्ल्यानें, 21 जानेवारी 1939 रोजीं आपल्या प्रजेस राज्यघटना दिली. तिचा पाया ग्रामपंचायत हा होता. गांवानें पंच निवडावे, पंचायतींच्या अध्यक्षांतून तालुक्याची सभा व्हावी, आणि तेथून प्रतिनिधि विधिसभेंत जावे, अशी ती खालून वर चढणारी रचना होती. 1948 सालीं संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें व प्रयोग संपला. पुढें 1959 सालीं जयप्रकाश नारायण यांनीं अशाच चढत्या रचनेचा पुरस्कार साऱ्या देशासाठीं केला.

ह्या मताविरुद्ध सर्वांत कठोर इशारा डॉ. आंबेडकर यांनीं 4 नोव्हेंबर 1948 रोजीं घटना-समितींत दिला होता. खेडें हें संकुचितपणाचें व अज्ञानाचें आगर आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ज्यांच्या चिठ्ठ्या घटांत कधींच पडल्या नाहींत त्यांच्या बाजूनें बोलणाऱ्या पुरुषाचें तें मत होतें, आणि उत्तरमेरूरचा शिलालेख नीट वाचणाऱ्यास तें मत अवास्तव म्हणतां येणार नाहीं. त्याच घटनेच्या 40 व्या अनुच्छेदानें ग्रामपंचायतींस स्थान दिलें. 24 एप्रिल 1993 पासून अमलांत आलेल्या 73 व्या घटनादुरुस्तीनें त्यांच्या निवडणुका व राखीव जागा यांस बळकटी आणली. आणि महाराष्ट्रांत 2011 पासून निम्म्या जागा स्त्रियांस मिळूं लागल्या. दार रुंद झालें तें सनातन ग्रामसंस्थेच्या कृपेनें नव्हे, कायद्यानें झालें.

महाराष्ट्रांत ग्रामपंचायतीच्या निवडणुका राजकीय पक्षांच्या चिन्हांवर होत नाहींत. म्हणून तेथें तट नाहींत असें कोण म्हणेल? उलट पक्षाचें नांव नसल्यानें तट ओळखूं येत नाहीं, एवढाच पुष्कळ ठिकाणीं फरक पडतो. 'बिनविरोध' निवडणुकीची मोठी प्रशंसा होते. परंतु जानेवारी 2021 मध्यें राज्य निवडणूक आयोगानें नाशिक जिल्ह्यांतील उमराणे व नंदुरबार जिल्ह्यांतील खोंडामळी येथील निवडणुका रद्द केल्या, कारण तेथें पदांचा लिलाव झाल्याचें आढळलें. स्पर्धा टळली खरी, पण ती टाळली पैशानें. चिन्ह नाहीं, प्रतिस्पर्धी नाहीं, विरोध नाहीं. आणि तरीहि गांवाची सत्ता विकली गेली. पक्ष नसणें हा गुण नसून ती केवळ एक रिकामी जागा आहे. तेथें काय बसवावें हा खरा प्रश्न, हें ह्या एका उदाहरणानें पुरेसें स्पष्ट व्हावें.

उत्तरमेरूरची एक खूण मात्र अजून आपल्यामध्यें वावरते. सरपंचपद कोणत्या गांवीं कोणत्या वर्गास राखीव, हें सोडतीनें ठरतें. आणि ही चिठ्ठी पुष्कळदां एखाद्या शाळकरी मुलाच्या हातून काढवितात. अजाण हातावर विश्वास ठेवण्याची ही रीत हजार वर्षांपूर्वींच्या त्या मंडपांतहि होती. तेथें घटानें माणूस निवडला. येथें घट फक्त वर्ग ठरवितो आणि माणूस पुन्हां तटांच्या हातीं जातो.

9. उपसंहार व विनंति

कोणत्याहि काळच्या ग्रामसंस्थेविषयीं कागद हातीं आला असतां त्यास चार प्रश्न विचारावे असें आम्हांस वाटतें : सभेंत कोणास येतां येत होतें, माणूस निवडला कसा, तो केव्हां जाणार होता, आणि जातांना त्यानें हिशेब कोणापुढें ठेवला. उत्तरमेरूर शेवटच्या तीन प्रश्नांस उत्तम उत्तर देतें व पहिल्यापुढें गप्प बसतें. गोतसभा पहिल्यास बऱ्यापैकीं उत्तर देते व पुढच्या तिहींस देत नाहीं. चारहि प्रश्नांस एकत्र उत्तर देणारी संस्था उभारणें हें आजच्या गांवांचें काम आहे. आणि तीं उत्तरें मिळालीं तर पक्ष आहेत कीं नाहींत, हा प्रश्न आपोआप गौण होईल.

वाचकांस एक विनंति करून हा निबंध पुरा करितों. आपल्याकडे महजर, निवाडपत्रें व वतनाचे करीने यांचा संग्रह मोठ्या आस्थेनें होतो. त्या मानानें गांवच्या सामाईक पैशांचे हिशेब, तळ्याच्या व पाटाच्या पाळ्यांचे कागद, देवस्थानाच्या पंचांच्या नेमणुका, आणि चिठ्ठ्या टाकून केलेल्या वांटण्या यांची कोणी दखल घेत नाहीं. त्यांत राजेरजवाड्यांचीं नांवें नसतात, म्हणून ते रद्दींत जातात. परंतु गांवानें आपला कारभार प्रत्यक्ष कसा केला हें निवाड्यापेक्षां हिशेबावरून अधिक कळतें. ज्यांच्या संग्रहीं असे कागद असतील त्यांनीं ते जपावे, त्यांच्या नकला मंडळाकडे पाठवाव्या, आणि कागद कोणत्या घरांतून व कोणत्या रुमालांतून निघाला याची नोंद बरोबर ठेवावी. इत्यलम्.